चौदाव्या दिवसाचा मुक्काम

ऑरिन हॅस्केटला त्या दिवशी तीन बायकांनी अडवून पाहिलं आणि त्यातल्या दोघींना त्याने एकच उत्तर दिलं, "नियम आहे." चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, त्यातली एकतीस वर्षं जंगलखात्यात रेंजर म्हणून काढलेली. हे दोन शब्द त्याने इतक्या लोकांना इतक्या वेळा ऐकवले होते की ते त्याच्या तोंडून खोकल्यासारखे आपोआप यायचे.

नियम साधाच होता. सरकारी जंगलात कुणीही यावं, तंबू ठोकावा, नाहीतर गाडीतच पथारी पसरावी, कुणी एक सेंट मागत नाही. पण एका जागी चौदा दिवस, बस्स. त्यानंतर मुक्काम हलवायचा, नवी जागा निदान तीस मैल लांब शोधायची आणि महिनाभर जुन्या जागी परतायचं नाही. नाहीतर लोक ओढ्याकाठी घरच करून बसतात, वाळत घातलेले कपडे आणि कोंबड्यांसकट. ऑरिनने हे सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, कोंबड्यासुद्धा.

आता तो स्वतःच बीव्हर ओढ्याच्या काठी, ॲस्पेनच्या पिवळ्या पडलेल्या झाडांखाली, विजेवर चालणाऱ्या पिकअपच्या हौद्यात राहत होता आणि त्याचा चौदावा दिवस उजाडला होता.

ती गाडी त्याची नव्हे, आर्डिथची. म्हणजे हौस तिची. आर्डिथ त्याची बायको. तेहेतीस वर्षं चौथीच्या पोरांना शिकवून निवृत्त झाली आणि एक दिवस जाऊन विजेची पिकअप घेऊन आली. ऑरिनने ती अंगणात उभी असलेली पाहिली आणि म्हणाला, "या शिलाई मशीनवर मी बसणार नाही."

"बसू नकोस," आर्डिथ म्हणाली. "मागे झोप."

तिला त्यासाठीच ती हवी होती. डिझेलचा धूर नको, जनरेटरची घरघर नको. हौद्यात विजेचं सॉकेट असतं, त्याला गरम होणारी गोधडी लावायची, सकाळी पडल्या पडल्या किटली लावायची, आणि रात्री नुसतं जंगल ऐकायचं. कुरकुरत का होईना, ऑरिनने प्लायवूडचा माचा ठोकला, वर फायबरचं टप बसवलं. हौदा त्याच्या उंचीला वीतभर कमी पडला, तेव्हा मागचा फाळका खाली सोडून तेवढ्या भागाला त्याने मेणकापडाचा पडदा शिवला. गोधडीला दोन बाजूंना दोन बटणं होती. आर्डिथला तीनवर हवी, ऑरिनला एकवर. पहिल्या रात्री लांबून एल्क हरणाची शीळ आली तेव्हा आर्डिथने आपले गार पाय त्याच्या पोटऱ्यांना लावले आणि म्हणाली, "ऐकलंस? तुझ्या डिझेलमध्ये हे कधी ऐकलं होतं का?" त्याने नाही ऐकलं म्हणून कबूल केलं. लग्नाच्या एकोणपन्नास वर्षांत त्याने कबूल केलेल्या गोष्टी बोटांवर मोजण्यासारख्या, त्यातली ही एक.

अशा चार रात्री झाल्या. पाचव्या रात्री तिच्या पोटात दुखू लागलं आणि महिन्याभरात डॉक्टरांनी सांगून टाकलं की स्वादुपिंडाचा कर्करोग आहे, फार पसरलाय, आता फक्त दुखणं कमी करता येईल.

निवृत्तीनंतर घेतलेलं त्यांचं घर ओढ्यापासून दीडशे मैलांवर. अशा रोग्यांना ठेवून घेणारं सगळ्यात जवळचं शुश्रूषागृह हार्लन गावात होतं. एका खोलीत दोन खाटा. आर्डिथच्या शेजारी मिसेस प्रूइट नावाच्या एक्याण्णव वर्षांच्या बाई, त्यांना पुरुषमाणूस खोलीत दिसला की पांघरूण डोक्यावरून घ्यायच्या. रात्री आठनंतर कुणी थांबायचं नाही आणि सकाळी सातच्या आत यायचं नाही, अशी पाटीच होती. शिकारीचा हंगाम असल्याने गावातल्या मोटेली भरलेल्या. म्हणून ऑरिन गावापासून नऊ मैलांवर ओढ्याकाठी येऊन राहिला.

दाखल झाली त्याच दिवशी आर्डिथने त्याच्याकडून एक वचन घेतलं होतं. तिची आई इस्पितळात एकटी गेली होती, पहाटे, कुणाला कळायच्या आत. ते ती कधी विसरली नव्हती.

"मी जाईन तेव्हा माझा हात धरून बस," ती म्हणाली. "पाद्री नको, गाणी नकोत. तू बस."

"बसेन."

"नक्की?"

"मी कधी शब्द मोडलाय का?"

"नाही," ती म्हणाली. "कुणाचाच नाही. सरकारचासुद्धा."

तेव्हापासून ऑरिनचं सगळं आयुष्य त्या एका गोष्टीभोवती फिरत होतं. सकाळी किटली लावायची, काळी कॉफी प्यायची, सातच्या ठोक्याला तिच्या खाटेपाशी. दुपारी ती झोपली की किराणा दुकानामागे गाडी चार्जिंगला लावून यायची. रात्री आठला परत ओढ्यावर. फोनला रेंज कुठे येते हे त्याने दोन दिवस खपून शोधलं होतं: हौद्याच्या डाव्या भिंतीला, उशीच्या वर, टपाच्या खिडकीला फोन टेकवला की दोन रेघा उमटायच्या. तिथेच त्याने सुतळीने फोन बांधून टाकला होता. शुश्रूषागृहातून हाक आली तर वीस मिनिटांत पोचता येईल, हे त्याने दोनदा गाडी चालवून पाहिलं होतं. आणि झोपताना तो गोधडीची दोन्ही बटणं लावायचा. आपली एकवर, तिची तीनवर.

चौदाव्या दिवशी सकाळी टेसा मोंटोया आली. टेसा आता तिथली रेंजर. ऑरिननेच तिला तयार केलेलं, म्हणून अजूनही त्याला साहेब म्हणायची. फाळक्यावर बसून तिने स्वतःच किटलीतली कॉफी ओतून घेतली.

"काय ही कॉफी, साहेब. डांबर परवडलं."

"पिऊ नकोस मग."

"सामान का बांधताय?"

"आज चौदावा."

टेसाने कप खाली ठेवला. "मी नाही मोजले."

"मी मोजलेत."

"साहेब, या ओढ्यावर माझ्याशिवाय कोण फिरकतं? मी वहीत लिहीन की तुम्ही परवा आलात. कोण बघायला येणार आहे?"

"मी आहे ना बघायला."

"अहो, आर्डिथबाई तिथे अशा असताना तुम्ही खिंड ओलांडून पलीकडे जाणार? कूपरच्या कुरणावर? तिथे फोन लागत नाही हे तुम्हीच मला शिकवलंत!"

"पहाटे पाचला निघेन. सातला तिच्यापाशी हजर. फक्त झोपण्याचा प्रश्न आहे."

"पण कशासाठी?"

"नियम आहे," ऑरिन म्हणाला आणि माच्याखालचे डबे दोरीने आवळू लागला.

खरं उत्तर त्याहून लांब होतं आणि ते त्याने टेसाला कधीच सांगितलं नव्हतं. चौऱ्याण्णव साली याच ओढ्यावर, इथून शंभर पावलांवर, एक बाई दोन लहान पोरांना घेऊन मोटारीत राहत होती. नवरा लाकूडतोडीत जखमी होऊन हार्लनच्या इस्पितळात पडलेला. पंधराव्या दिवशी सकाळी ऑरिन तिथे गेला. बाई म्हणाली, तीन दिवस द्या, फक्त तीन. ऑरिन म्हणाला, तुम्हाला दिले तर पुढच्याला काय सांगू? त्याने दंडाची चिठ्ठी लिहिली आणि तिला खिंडीपलीकडे घालवून दिलं. घरी येऊन जेवताना त्याने हे आर्डिथला सांगितलं. तिने विचारलं, "आणि तिचा नवरा?" त्याला ठाऊक नव्हतं. आर्डिथ दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

ती बाई त्याच्या मनातून गेली नव्हती. आणि तिच्यापुढे उभं राहायला त्याच्याकडे एकच गोष्ट होती: मी कधी कुणाला वेगळं वागवलं नाही. आता स्वतःलाच वेगळं वागवलं, तर मग तिला हाकललं ते कशासाठी? हा हट्ट होता हे खरं. पण माणूस कधीकधी हट्टावरच उभा असतो, आणि तो काढून घेतला तर खाली काही उरत नाही. ऑरिनला ते आतून माहीत होतं, म्हणूनच तो त्या बाबतीत कुणाशी बोलत नसे.

त्या दिवशी आर्डिथला बरं वाटत होतं. तिने सफरचंदाचा गर चार चमचे खाल्ला, मिसेस प्रूइटना "गुड मॉर्निंग" म्हणाली आणि केस विंचरून मागितले. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले, अजून दोनतीन आठवडे सहज. ऑरिन तिच्यापासून हलला नाही. गाडी चार्जिंगला लावायची राहून गेली, पण निम्मी बॅटरी होती आणि असा दिवस पुन्हा मिळेल की नाही कुणास ठाऊक.

संध्याकाळी त्याने सांगितलं, "आज मुक्काम हलवतोय. कूपरच्या कुरणावर."

आर्डिथने डोळे उघडले.

"माझ्या वर्गात एक पोरगा होता," ती म्हणाली. "चौदानंतर पुन्हा तेराच म्हणायचा. कितीही वेळा मोजायला लावलं तरी तेच. मी त्याला कधी टोकलं नाही."

"का?"

"गोड वाटायचं."

ऑरिन हसला. ती काय म्हणतेय हे त्याला कळलं होतं आणि न कळल्यासारखं करून तो हसला. तिनेही मग तो विषय सोडला. नुसती म्हणाली, "खिंडीत बर्फ असेल. सावकाश जा."

"सकाळी सातला येतो."

"ये."

बाहेर पडताना इमेल्डाने त्याला गाठलं. इमेल्डा रात्रपाळीची नर्स, फिलिपीन्सहून येऊन वीस वर्षं हार्लनमध्ये राहिलेली, बुटकी आणि तोंडाची फटकळ.

"मिस्टर हॅस्केट, ऐकलं मी सगळं. गाडी स्वैपाकघरामागे लावा. तिथे कचऱ्याचे डबे आणि मी, दोघांशिवाय कुणी येत नाही. मला काही दिसलं नाही, झालं."

"गावात गाडीत झोपायला बंदी आहे."

"मग झोपू नका, डोळे उघडे ठेवा! पण जवळ राहा."

"नियम आहे," ऑरिन म्हणाला.

"तुमच्यासारखा नवरा मला असता तर मी त्याला नियमासकट ओव्हनमध्ये घातला असता," इमेल्डा म्हणाली आणि चरफडत आत गेली.

खिंड चढताना थंडी वाढत गेली आणि गाडीच्या पडद्यावरचा आकडा भराभर उतरत गेला. हार्लन सोडलं तेव्हा चव्वेचाळीस टक्के होते, कुरणावर पोचला तेव्हा एकोणीस. सकाळी खिंडीपर्यंत चढायला तेवढे पुरतील, पुढे उतारच आहे, असा हिशेब करून तो हौद्यात शिरला. बॅटरी वाचवायची म्हणून गोधडीचं आपलं बटण त्याने लावलं नाही. तिचं लावलं. फोन सवयीने डाव्या खिडकीला बांधला. एकही रेघ नव्हती. मग त्याने तो सोडवला आणि छातीवर ठेवला, जसा काही तिथे लागणार होता.

चारला त्याला जाग आली. टपावर बर्फ पडत होतं, पीठ चाळल्यासारखा आवाज. पाचला निघायचं ठरलं होतं, म्हणून तो तसाच पडून राहिला आणि सकाळी आर्डिथला काय सांगायचं ते मनात जुळवत बसला. त्या ओव्हनचं सांगायचं. ती हसेल. पोट दुखेल तिचं हसून, पण हसेल.

पाचला तो निघाला. गारठलेल्या बॅटरीने बारा टक्के दाखवले. त्याने आतलं हीटर बंद केलं, हातमोजे चढवले, दोन्ही खिडक्यांवर आतून बर्फ धरू लागलं ते बाहीने पुसत राहिला. चढ संपेना. सात टक्के. पाच. गाडीने आपणहून वेग कमी केला आणि पायी चालणाऱ्या माणसाच्या चालीने वर सरकू लागली. "चल ग बाई," ऑरिन तिला म्हणाला. "चल. तिने आणलंय तुला." आयुष्यात पहिल्यांदा तो त्या गाडीशी बोलत होता. खिंडीच्या माथ्यावर आली तेव्हा तीन टक्के उरले होते.

आणि तिथे फोन वाजू लागला. एकामागून एक. नऊ हुकलेले कॉल, पहिला रात्री एक पन्नासचा. शेवटचा चार वाजून बारा मिनिटांचा.

त्याने नंबर लावला.

"इमेल्डा, मी खिंडीत आहे. कशी आहे ती?"

इमेल्डा हळू आवाजात म्हणाली, "सावकाश या, मिस्टर हॅस्केट. आता घाई करू नका."

उतारावर विजेची गाडी स्वतःच चार्ज होत जाते. चाकं फिरतात तशी बॅटरी भरते. सबंध घाट उतरेपर्यंत ऑरिनच्या डोळ्यांसमोर तो आकडा वाढत होता. चार, सहा, नऊ, अकरा. त्याला तो पडदा फोडून टाकावासा वाटला.

आर्डिथचे केस कुणीतरी पुन्हा विंचरले होते. शेजारच्या खाटेवर मिसेस प्रूइट उठून बसल्या होत्या, पांघरूण डोक्यावर न घेता. ऑरिनने खुर्ची ओढली आणि बायकोचा हात हातात घेतला. तो गार होता, पण पूर्ण गार नव्हता, आणि त्यामुळे जास्तच वाईट वाटलं.

"किती वाजता?" त्याने विचारलं.

"चार दहाला."

चार दहाला तो जागा होता. ओव्हनचा विनोद जुळवत पडला होता.

"एकटी होती?"

"छे. मी होते. हात धरून बसले होते," इमेल्डा म्हणाली. मग तिने तोंड फिरवलं. "तिचे डोळे मिटलेले होते. तिने विचारलं, ऑरिन आलास? मला राहवलं नाही. मी म्हटलं, हो, तो आलाय, त्यानेच तुझा हात धरलाय. देव मला माफ करो."

"मग?"

"ती म्हणाली, नाही ग इमेल्डा, त्याचा हात खरखरीत आहे."

ऑरिनने आपल्या मोकळ्या हाताकडे पाहिलं.

"मग म्हणाली, चौदावा झाला ना, म्हणजे तो गेला असणार. येईल सातला." इमेल्डाने एप्रनला डोळे पुसले. "आणि म्हणाली, त्याला कुणी बोलू नका."

"रागावली होती?"

"नाही."

"थोडी तरी?"

"नाही हो."

"बघ आठवून. थोडी तरी रागावली असेल."

"नाही, मिस्टर हॅस्केट," इमेल्डा म्हणाली. "मी तिथेच होते."

तिला घरी नेऊन, चर्चमागच्या टेकडीवर पुरून, आलेल्या लोकांनी आणलेल्या बटाट्याच्या पदार्थांची भांडी धुऊन परत करून ऑरिन घरात एक रात्र राहिला आणि दुसऱ्या दिवशी पिकअप घेऊन निघाला. तो थेट बीव्हर ओढ्यावर आला. त्याच जागी गाडी लावली, जुन्या चाकोऱ्यांत चाकं बसवून. त्या जागी परत यायला त्याला अजून परवानगी नव्हती. त्याला ते ठाऊक होतं.

ॲस्पेनची पानं गळून गेली. ओढ्याच्या कडांना बर्फ धरलं. ऑरिन दोनतीन दिवसांनी गावात जाऊन गाडी चार्ज करून आणी, डब्यातल्या बीन्स गरम करी आणि दिवसाउजेडीही हौद्यात पडून राही. टेसा तीनदा लांबून येऊन गेली. दरवेळी त्याची गाडी दिसली की ती मागच्या मागे वळे. शेवटी नोव्हेंबरच्या मध्यावर तिला यावंच लागलं.

"साहेब, उद्या जंगलाचं फाटक लावतायत. बर्फ वाढतंय. आता निघायला हवं."

ऑरिन फाळक्यावर बसला होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"चिठ्ठी फाड," तो म्हणाला.

"कसली?"

"दंडाची. सव्वीस दिवस झालेत मला इथे. आधीचे चौदा वेगळे. तू तीनदा येऊन परत गेलीस, मी पाहिलंय. मी तुला असं शिकवलं नव्हतं."

"मी नाही फाडणार."

"टेसा, वही काढ."

"नाही."

"काढ म्हणतो ना!" तो ओरडला. ओढ्यापलीकडच्या झाडीतून एक पक्षी उडाला. "एका बाईला मी फाडली होती. इथेच. नवरा मरायला टेकला होता तिचा. तेव्हा माझा हात कापला नाही. मग मला का सोडतेस? लिही. तारीख लिही, नाव लिही."

टेसाने कमरेची वही काढली. पेनही काढलं. उभ्या उभ्या तिने पहिली ओळ लिहायचा प्रयत्न केला आणि मग वही मिटून खिशात टाकली.

"मला जमत नाही, साहेब."

ऑरिनचा आवाज एकदम खाली आला.

"ती रागावली नाही. इमेल्डा रागावली नाही. तू लिहीत नाहीस," तो म्हणाला. "मग मला रागावणार कोण?"

टेसा फाळक्यावर त्याच्या शेजारी बसली आणि त्याचं रडणं थांबेपर्यंत तिथेच बसून राहिली.